रेडिओ-घड्याळांना वेळ सांगणारी घरगुती डबी विकण्यापूर्वी

वाचक विचारतात

रेडिओनियंत्रित घड्याळांविषयी या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी तीन या वेळी निवडली आहेत. अमेरिकेत, जर्मनीत किंवा जपानमध्ये विकत घेतलेले हे घड्याळ आतल्या छोट्याशा अँटेनाने दूरच्या प्रक्षेपण केंद्राचा संकेत रात्री ऐकते आणि स्वतःची वेळ दुरुस्त करून घेते. संकेत पोहोचला नाही की ते साध्या क्वार्ट्झ घड्याळासारखे चालू लागते. त्यावर उपाय म्हणून काही वाचकांनी घरीच एक छोटे उपकरण बनवले आहे, आणि आता त्यांना ते विकायचे आहे.

प्रश्न : स.न.वि.वि. मी गेली नऊ वर्षे न्यू जर्सीत एडिसनजवळ राहतो. आमच्याकडे भिंतीवरची दोन ‘ॲटॉमिक’ घड्याळे आहेत, परंतु कोलोराडोचा संकेत आमच्या इमारतीत हिवाळ्यात एखाद्या रात्री मिळतो आणि उन्हाळ्यात तोही मिळत नाही. म्हणून मी इंटरनेटवरून वेळ घेऊन तोच संकेत खोलीपुरता पुन्हा प्रसारित करणारी डबी तयार केली. ईएसपी३२ मायक्रोकंट्रोलर (वायफाय असलेली छोटी संगणक-चिप), फेराइट रॉडवर गुंडाळलेली कॉइल, एक कपॅसिटर आणि फोनचा चार्जर, एवढेच तिचे भाग आहेत. सुट्या भागांचा खर्च १९ डॉलर येतो. मराठी मंडळातल्या काही कुटुंबांनी डबी मागितली आहे. पहिले ४० नग करून प्रत्येकी ४५ डॉलरला ऑनलाइन विकावेत, असा विचार आहे. कायद्याची काही अडचण येईल का, आणि कोणती काळजी घ्यावी?
— एक वाचक, एडिसन

उत्तर : आपली डबी दोन्ही घड्याळांना रोज रात्री बरोबर वेळ देत असेल, तर आपण खरोखर चांगले काम केले आहे, आणि ते आपल्या घरात निर्धास्तपणे वापरावे. विकण्याबाबत मात्र माझा सल्ला ‘या प्रमाणावर नको’ असा आहे. त्याची कारणे नीट समजावीत म्हणून आधी मूळ संकेताविषयी थोडे सांगतो.

अमेरिकेतील घड्याळे ज्या केंद्राचे ऐकतात त्याचे संकेतनाम डब्ल्यूडब्ल्यूव्हीबी असे आहे. हे केंद्र कोलोराडोतील फोर्ट कॉलिन्सजवळ असून ‘एनआयएसटी’ ही अमेरिकेची राष्ट्रीय मापनसंस्था १९६३ पासून तेथून ६० किलोहर्ट्झवर वेळ प्रसारित करते. प्रत्येक सेकंदाच्या आरंभी प्रक्षेपकाची शक्ती सुमारे पन्नासाव्या हिश्शापर्यंत खाली आणली जाते. ती ०.२ सेकंदांनी पूर्ववत झाली तर शून्य, ०.५ सेकंदांनी झाली तर एक आणि ०.८ सेकंदांनी झाली तर ती केवळ खूण, अशी ही साधी लिपी आहे. साठ सेकंदांत साठ चिन्हे येतात, आणि त्यांत मिनिट, तास, वर्षातला कितवा दिवस, वर्ष आणि उन्हाळी वेळेची (उन्हाळ्यात घड्याळे तासभर पुढे करण्याच्या पद्धतीची) सूचना एवढे सगळे बसते. केंद्राची शक्ती ७० किलोवॉट आहे, पण आपले घर तेथून सुमारे अडीच हजार किलोमीटर दूर आहे. शिवाय लोखंडी सळ्यांच्या भिंती संकेत अडवतात, आणि एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर व चार्जर यांचा गोंगाट नेमका याच खालच्या वारंवारितांवर असतो. २०१९ च्या अर्थसंकल्पाच्या प्रस्तावात हे केंद्र बंद करण्याची सूचना आली होती, ती अमलात आली नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये मात्र वादळी वाऱ्याने दोनपैकी एका अँटेनाचे नुकसान झाले आणि काही काळ केंद्र कमी शक्तीने चालले. पूर्व किनाऱ्यावरच्या लोकांना अशी डबी हवीशी वाटते ती यामुळेच, म्हणजे आपली कल्पना गरजेतून आलेली आहे, हौसेतून नव्हे.

आता कायद्याकडे येऊ. आपली डबी कितीही छोटी असली तरी ती रेडिओ प्रक्षेपक आहे, कारण ६० किलोहर्ट्झची लहर ती हेतुपूर्वक बाहेर सोडते. अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाचे, म्हणजे एफसीसीचे, ‘पार्ट १५’ हे नियम अशा विनापरवाना कमी शक्तीच्या उपकरणांना लागू होतात. ९ ते ४९० किलोहर्ट्झ या पट्ट्यात क्षेत्रतीव्रतेची, म्हणजे ठरावीक अंतरावर संकेत किती जोराचा असावा याची, मर्यादा काढण्यासाठी २४०० या संख्येला किलोहर्ट्झमधल्या वारंवारितेने भागायचे असते. त्यामुळे ६० किलोहर्ट्झला ३०० मीटर अंतरावर मीटरमागे ४० मायक्रोव्होल्ट इतकी मर्यादा येते. त्याच नियमांत घरी बनवणाऱ्यांसाठी एक सवलत आहे. जे उपकरण विक्रीसाठी नाही, तयार संच जोडून केलेले नाही आणि स्वतःच्या वापरासाठी जास्तीत जास्त पाच नगांपर्यंत बनवले आहे, त्याला आयोगाची आगाऊ मान्यता लागत नाही. आपल्या घरातली डबी या सवलतीत बसते, विक्रीसाठी केलेले ४० नग बसत नाहीत. विक्रीची जाहिरात करणे हासुद्धा नियमांच्या भाषेत विक्रीचाच भाग आहे, म्हणून ‘आधी मागणी नोंदवून घेतो, मान्यतेचे मग पाहू’ असेही करू नये. सुटे भाग पाकिटात घालून संच म्हणून विकण्याची युक्ती अनेकांना सुचते, पण ती पळवाट नाही.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे, कारण चांगले जाणकारही त्यात फसतात. आपण वापरत असलेल्या ईएसपी३२ मॉड्यूलच्या पत्र्याच्या झाकणावर एफसीसीचा मान्यताक्रमांक कोरलेला असतो. तो क्रमांक त्या मॉड्यूलच्या वायफाय प्रक्षेपकापुरता आहे. आपण पिन काढून, कॉइल जोडून जो ६० किलोहर्ट्झचा दुसरा प्रक्षेपक तयार केला, त्याला ती मान्यता लागू होत नाही. त्यासाठी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत मोजमाप करून प्रमाणन घ्यावे लागते आणि त्याचा खर्च हजारो डॉलरच्या घरात जातो. आपल्या ४० नगांवर प्रत्येकी २६ डॉलर, म्हणजे एकूण १०४० डॉलर सुटतील, आणि त्यातूनच टपाल, परतावे व मोडतोड भागवायची आहे. हा हिशेब जमत नाही. शेकडो नग विकण्याची तयारी आणि भांडवल असेल तरच प्रमाणनाच्या वाटेला जावे.

आणखी एक गोष्ट, जी आपण विचारलेली नाही. आपण एच-१बी व्हिसावर असाल, तर ज्या कंपनीने तो काढला तिच्याखेरीज अन्यत्र कमाईचे काम करण्याची मुभा आपल्याला नाही, आणि घरी वस्तू बनवून विकणे हे कमाईचेच काम आहे. चार पैशांच्या जोडधंद्यासाठी इतक्या वर्षांचे बस्तान धोक्यात घालू नये. व्हिसाचा प्रश्न नसेल तर राज्याकडे नोंदणी आणि ६.६२५ टक्के विक्रीकर यांची व्यवस्था आधी करावी.

एवढे सांगितल्यावर आपण निराश होऊ नये. मर्यादा पाळणे या उपकरणाला तसे जड नाही. ६० किलोहर्ट्झची तरंगलांबी पाच किलोमीटर आहे, त्यामुळे सुमारे आठशे मीटरपर्यंतचा सारा परिसर आपल्या कॉइलच्या दृष्टीने निकटक्षेत्रात, म्हणजे कॉइलच्या अगदी जवळच्या भागात, येतो आणि तेथे चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात कमी होते. घड्याळ एक मीटरऐवजी दोन मीटरवर नेले तर त्याला आठवा हिस्सा मिळतो, दहा मीटरवर नेले तर हजारावा. कॉइलमधून मोजका मिलिॲम्पिअर प्रवाह सोडला तर खोलीतले घड्याळ व्यवस्थित ऐकते आणि रस्त्यापलीकडे काहीही पोहोचत नाही. प्रवाह वाढवून सगळ्या घराला एकाच डबीने वेळ पुरवण्याचा मोह मात्र टाळावा. मायक्रोकंट्रोलरच्या पिनवरून निघणारी लहर चौकोनी असते, म्हणजे ६० बरोबर १८० आणि ३०० किलोहर्ट्झचे अंशही ती घेऊन येते, आणि १८० ला मर्यादा अधिक कडक, मीटरमागे सुमारे १३ मायक्रोव्होल्ट आहे. कॉइल आणि कपॅसिटर यांचा मेळ नेमका ६० वर बसवला की हे अंश पुष्कळ दबतात. १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर घेतला तर कॉइल ०.७ मिलिहेन्रीची हवी. रॉडवर कॉइल किंचित पुढे-मागे सरकवून हा मेळ जुळवता येतो, आणि जुळल्यावर मेणाचा थेंब टाकून ती पक्की करावी.

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. आपली डबी घड्याळाला जे सांगेल ते घड्याळ निमूटपणे मानते. ते शंका घेत नाही, कालच्या वेळेशी ताडून पाहत नाही, काट्यांना सरळ फिरवून नव्या जागी नेते. म्हणून खात्रीची वेळ हाताशी नसेल तेव्हा डबीने गप्प बसले पाहिजे, ही अट प्रोग्रॅममध्ये सर्वांत आधी लिहावी. डबीतला क्रिस्टल दहा लाखांत दहा भाग चुकत असेल, तरी चोवीस तासांत ०.८६ सेकंदाचाच फरक पडतो. त्यामुळे इंटरनेट बंद पडल्यावर एक दिवस डबीने स्वतःच्या भरवशावर बोलावे, त्यानंतर प्रसारण थांबवून लाल दिवा लावावा. घड्याळ मग स्वतःच्या क्वार्ट्झवर चालत राहील आणि महिनाभरात फार तर पंधरा-वीस सेकंद चुकेल. त्याने कोणाचे नुकसान होत नाही. चुकीची वेळ ठामपणे सांगणारी डबी मात्र नुकसान करू शकते, आणि शेजारच्या सदनिकेतले घड्याळ भिंतीपलीकडे हातभर अंतरावर टांगलेले असेल तर तेही आपल्याच डबीचे ऐकत असते, हे लक्षात ठेवावे.

याच कारणासाठी डबीने अहोरात्र बोलू नये. बहुतेक घड्याळे मध्यरात्रीनंतरच्या काही तासांत संकेत शोधतात, तेवढ्याच वेळात प्रसारण करावे. मूळ केंद्राचा क्षीण संकेत आणि आपला संकेत एकाच वारंवारितेवर असतात. दोघांत पाव-अर्ध्या सेकंदाचा फरक राहिला तर ०.२ आणि ०.५ या खुणा एकमेकींत मिसळतात आणि घड्याळाला काहीच वाचता येत नाही. घरच्या वायफायवरून घेतलेली वेळ साधारणपणे काही शतांश सेकंदांत बरोबर असते, पण प्रोग्रॅम दुसऱ्याच कामात अडकून सेकंदाचा आरंभ उशिरा पाठवत असेल तर ही अडचण येते. ‘कधी लागते, कधी लागत नाही’ अशी तक्रार आली की सर्वप्रथम हेच तपासावे.

उन्हाळी वेळेची परीक्षाही विसरू नये. हे केंद्र अमेरिकेतली स्थानिक वेळ पाठवत नाही, जागतिक वेळ (यूटीसी, म्हणजे ढोबळमानाने ग्रीनिचची वेळ) पाठवते. पूर्व विभागाचे पाच तास वजा करणे आणि उन्हाळी वेळेचा एक तास मिळवणे हे घड्याळाचे काम असते. त्यासाठी ५७ आणि ५८ या सेकंदांच्या दोन खुणा आहेत. मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांतली पहिली खूण जागतिक वेळेच्या मध्यरात्री बदलते आणि दुसरी त्यानंतर चोवीस तासांनी. अनेक घरगुती प्रोग्रॅममध्ये दोन्ही एकदम बदलतात, आणि मग त्या रविवारी काही घड्याळे तासभर चुकतात. मित्रांना डबीचा आराखडा देण्यापूर्वी एक मार्च आणि एक नोव्हेंबर जाऊ द्यावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

कोणी विचारील, की फोनवर असे संकेत तयार करणारी ॲप असताना डबी कशाला? ती ॲप हेडफोनच्या वायरमधून २० किलोहर्ट्झचा ध्वनी-संकेत सोडतात आणि त्याचा तिपटीचा अंश, म्हणजे ६० किलोहर्ट्झ, वायरीशेजारी ठेवलेल्या घड्याळाला पुरतो. उपाय स्वस्त आहे, पण त्यासाठी घड्याळ दर वेळी भिंतीवरून उतरवावे लागते. ज्यांच्याकडे एकच घड्याळ आहे त्यांना मी हाच सुचवीन. डबीचा खरा उपयोग वृद्धांच्या घरी, उंच भिंतीवरच्या घड्याळांसाठी आणि रोज न बघता काम व्हावे अशा ठिकाणी आहे.

तेव्हा आपण काय करावे? माझ्या मते आपण आराखडा, कॉइलचे वेढे आणि प्रोग्रॅम सर्वांना मोकळेपणाने द्यावा. मराठी मंडळातल्या कुटुंबांनी सुटे भाग स्वतः दुकानातून आणावेत, एखाद्या शनिवारी आपल्या जेवणाच्या टेबलाभोवती बसून प्रत्येकाने स्वतःची डबी सोल्डर करावी, आणि आपण शेजारी बसून शिकवावे. प्रत्येकाची डबी त्याच्या स्वतःच्या हातची आणि स्वतःच्या वापराची असेल. त्यात आपल्याला ४५ डॉलर मिळणार नाहीत हे खरे, पण बिघडलेली डबी उघडून पाहण्याचे धैर्य त्या घरांत येईल, आणि तेच मला अधिक मोलाचे वाटते.

प्रश्न : मुलीने जर्मनीहून आणलेले रेडिओ-घड्याळ पुण्यात चालत नाही म्हणून मी वायफायवरून वेळ घेऊन ७७.५ किलोहर्ट्झचा संकेत देणारे छोटे यंत्र बनवले. आमच्या सोसायटीत अशी परदेशी घड्याळे असलेली आणखी सात-आठ घरे आहेत, त्यांत दोन अमेरिकी घड्याळेही आहेत. सर्वांसाठी एकच यंत्र चालेल का? पुण्यात हे विकण्यास हरकत आहे का?
— एक निवृत्त अभियंता, कोथरूड, पुणे

उत्तर : आपले घड्याळ फ्रँकफर्टजवळच्या माइनफ्लिंगेन येथील डीसीएफ७७ या केंद्राचे ऐकण्यासाठी बनवलेले आहे. त्या केंद्राचा पल्ला सुमारे दोन हजार किलोमीटर आहे, म्हणून पुण्यात ते बहिरे ठरते, यात घड्याळाचा दोष नाही. भारतात अशा घड्याळांसाठी दीर्घलहरींवरचे केंद्र नाही. नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा पूर्वी एटीए या संकेतनामाने १० मेगाहर्ट्झ लघुलहरींवर वेळ प्रसारित करीत असे, पण ही घड्याळे त्या वारंवारितेवर ऐकतच नाहीत. भारतीय प्रमाणवेळ राखण्याचे काम हीच प्रयोगशाळा करते आणि तिचा इंटरनेटवरील वेळ-सर्व्हर सर्वांना खुला आहे. आपल्या यंत्राने वेळ तेथूनच घ्यावी.

जर्मन आणि अमेरिकी घड्याळांना एकच यंत्र दोन वेगवेगळ्या वेळी, दोन वेगवेगळ्या भाषांत बोलून चालवू शकेल, पण कॉइलचा मेळ प्रत्येक वारंवारितेला निराळा लागतो. ०.७ मिलिहेन्रीच्या कॉइलला ६० किलोहर्ट्झसाठी १० नॅनोफॅरड आणि ७७.५ साठी सुमारे ६ नॅनोफॅरड हवेत. दोन स्वतंत्र यंत्रे केली तर डोकेदुखी कमी होते. भाषेतले फरक मात्र काळजीपूर्वक समजून घ्यावेत. जर्मन केंद्र स्थानिक वेळ पाठवते आणि घड्याळ ती जशीच्या तशी दाखवते, म्हणून आपण थेट भारतीय वेळ पाठवावी. अमेरिकी घड्याळ आलेल्या वेळेतून विभागाचे तास वजा करते. ते पूर्व विभागावर ठेवून उन्हाळी वेळेच्या दोन्ही खुणा शून्य ठेवाव्यात आणि त्याला भारतीय वेळेच्या पाच तास पुढची वेळ सांगावी, म्हणजे वजाबाकीनंतर ते भारतीय वेळ दाखवील. दुसरा फरक अधिक फसवा आहे. अमेरिकी संकेत चालू मिनिटाची वेळ सांगतो, तर जर्मन संकेत पुढे सुरू होणाऱ्या मिनिटाची. एका संकेताचा प्रोग्रॅम दुसऱ्यासाठी वळवताना हे सुटले, तर घड्याळ बरोबर एक मिनिट मागे किंवा पुढे राहते, आणि सेकंद काटा अचूक असल्यामुळे चूक कित्येक दिवस लक्षातही येत नाही.

आपण अभियंता आहात, म्हणून माझ्या हातून झालेली एक चूक आपल्याला सविस्तर सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या सासऱ्यांच्या खोलीत जर्मन बनावटीचे काट्यांचे रेडिओ-घड्याळ होते आणि त्याच्यासाठी मी असेच यंत्र केले होते. यंत्र सुरू झाले की इंटरनेटकडे एकदा वेळ मागायची आणि पुढे त्यावर चालायचे, असा प्रोग्रॅम मी लिहिला होता. श्रावणातल्या एका रात्री वीज गेली आणि दीडच्या सुमारास आली. यंत्र पाच सेकंदांत सुरू झाले, राउटरला मात्र तीन मिनिटे लागली. वेळ मिळाली नाही, म्हणून मायक्रोकंट्रोलरने आपल्या शून्यापासून मोजायला सुरुवात केली, आणि त्याचे शून्य म्हणजे १ जानेवारी १९७० ची जागतिक मध्यरात्र, अर्थात भारतीय वेळेनुसार पहाटेचे साडेपाच. दोन वाजता घड्याळाने संकेत ऐकला, काटे गरगर फिरले आणि सहावर स्थिरावले. तीनच्या सुमारास सासरे उठले, घड्याळात सात वाजलेले पाहिले, बाहेरचा अंधार पावसाचा असेल असे समजून त्यांनी आंघोळ उरकली, मधुमेहाची सकाळची गोळी घेतली आणि चहाची वाट पाहत खुर्चीत बसून राहिले. साडेचारला सासूबाईंना जाग आली तेव्हा ते घामाघूम झाले होते. साखर-पाण्याने त्यांना बरे वाटले, पण त्या पहाटेची आठवण माझ्या मनातून गेलेली नाही. घड्याळ दोषी नव्हते, वीजही नव्हती. वेळेची खात्री नसताना बोलणारे यंत्र मी बनवले होते.

म्हणून आपल्या यंत्रात तीन गोष्टी आवर्जून कराव्यात. वेळ मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा मागत राहावे आणि तोपर्यंत कॉइलला प्रवाहच देऊ नये. मिळालेले वर्ष प्रोग्रॅम लिहिल्याच्या वर्षापेक्षा मागचे असेल तर ती वेळ नाकारावी. आणि दोन वेगळ्या सर्व्हरांची वेळ एकमेकांशी जुळल्याशिवाय बोलू नये. इंटरनेटऐवजी जीपीएस मॉड्यूल वापरण्याचा विचार असेल तर तेथेही एक खाच आहे. जीपीएसची स्वतःची वेळ २०१७ च्या आरंभापासून जागतिक वेळेच्या १८ सेकंद पुढे आहे. हा फरक उपग्रहांच्या संदेशातच येतो, पण तो पूर्ण संदेश यायला साडेबारा मिनिटे लागू शकतात. तोपर्यंत काही मॉड्यूल जुना फरक धरून एक-दोन सेकंद चुकीची वेळ देतात. मॉड्यूल सुरू झाल्यावर पंधरा मिनिटे धीर धरला की प्रश्न मिटतो.

विक्रीविषयी थोडक्यात सांगतो. भारतात रेडिओ प्रक्षेपकाचे नियमन दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडे आहे. यंत्रातले वायफाय २.४ गिगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यात चालते, तरीही विकाऊ उपकरणाला त्यासाठी ‘ईटीए’ ही मान्यता लागते, आणि ७७.५ किलोहर्ट्झच्या भागाविषयी त्याच शाखेला लेखी विचारून उत्तर हातात आल्याखेरीज एकही नग विकू नये. ॲडॉप्टर स्वतः बनवू नये, भारतीय मानक ब्यूरोचा नोंदणीक्रमांक असलेलाच घ्यावा, कारण २३० व्होल्टची चूक वेळेच्या चुकीसारखी दुरुस्त करता येत नाही. पुण्यातून परराज्यात माल पाठवणार असाल तर उलाढाल कितीही कमी असली तरी जीएसटी नोंदणी घ्यावी लागते. सोसायटीतल्या सात-आठ घरांसाठी एवढा खटाटोप करण्यापेक्षा त्या शेजाऱ्यांना एखाद्या सुट्टीच्या दिवशी बोलावून त्यांच्याकडूनच यंत्रे करून घ्यावीत.

प्रश्न : आमच्या स्वयंपाकघरातले भिंतीवरचे साधे घड्याळ दर आठवड्याला जवळजवळ अर्धा मिनिट पुढे जाते. अशी डबी विकत मिळत असेल तर आणावी का? आणि ती घड्याळापासून किती अंतरावर ठेवावी?
— एक वाचिका, ठाणे

उत्तर : आणू नये. आपल्या घड्याळात संकेत ऐकणारा भागच नाही, त्यामुळे कितीही चांगली डबी शेजारी ठेवली तरी त्याला काहीही कळणार नाही. घड्याळाच्या तबकडीवर मनोऱ्याचे किंवा लहरींचे छोटे चिन्ह, अथवा मागच्या बाजूला संकेत शोधण्याचे बटण असेल, तरच ते रेडिओनियंत्रित समजावे. विकणाऱ्याने ही गोष्ट सांगितली नाही, तर त्याच्याकडून काहीच घेऊ नये.

चांगल्या क्वार्ट्झ घड्याळात महिन्याला पंधरा-वीस सेकंदांचा फरक स्वाभाविक आहे. आपल्या घड्याळात तो महिन्याला दोन मिनिटांपर्यंत जातो, म्हणजे आतला क्रिस्टल किंवा सर्किट बिघडले आहे. सेल बदलून आठवडाभर पाहावे. सेल संपत आल्यावर घड्याळ सहसा मागे पडते, पुढे जात नाही, त्यामुळे मला फारशी आशा वाटत नाही. घड्याळजीकडे मागची काळी यंत्रपेटी बदलून मिळते आणि काटे, तबकडी, चौकट आपलीच राहते. नेताना जुन्या पेटीचा दांडा तबकडीच्या वर किती मिलिमीटर येतो ते मोजून न्यावे. नव्या पेटीचा दांडा त्याहून आखूड निघाला तर तिच्यावर काटे बसत नाहीत आणि ठाण्याच्या बाजारात दुसरी फेरी पडते.